'लाइव्ह किलर्स'मधली गिटार घरी का वाजत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वडिलांच्या कॅसेटवर क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा 'लाइव्ह किलर्स' हा स्टेजवरचा अल्बम ऐकत मोठा झालो. त्यांच्या ब्रायन मेची गिटार त्यात जशी अंगावर येते तशी स्टुडिओच्या रेकॉर्डवर येत नाही. वडिलांच्या वयाचे सगळे हेच म्हणतात, स्टेजवरचा तो आवाज काही औरच होता. मी त्याच्या 'रेड स्पेशल' गिटारच्या नकलेची गिटार घेतली, वेगवेगळे आवाज काढणारं मल्टी-इफेक्ट यंत्र घेतलं, इंग्लंडहून सहा पेनीचं नाणंसुद्धा मागवलं. तरी खोलीत डास गुणगुणल्यासारखं वाजतं. माझं चुकतंय कुठे? की हे सगळं जुन्या लोकांचं स्मरणरंजन आहे?"

स्मरणरंजन थोडं आहेच, पण तुमच्या वडिलांचे कान बरोबर सांगताहेत. मी आठवडाभर व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचे, अँप दुरुस्त करतो आणि शनिवार-रविवारी कुणाच्या तरी कार्यक्रमात मिक्सरमागे बसतो. दोन्हीकडे हा प्रश्न मला वर्षानुवर्षं भेटत आलाय. माझा हिशेब असा आहे की त्या आवाजात गिटारचा वाटा सगळ्यात लहान, अँपचा त्याहून बराच मोठा, आणि सगळ्यात मोठा वाटा त्या वेळी स्टेजवर जे वाजत नव्हतं त्याचा. हे शेवटचं पटायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात गिटारपासून करतो.

गिटारची कथा चाहत्यांना तोंडपाठ असते. ऑगस्ट १९६३ मध्ये शाळकरी ब्रायनने वडिलांबरोबर, हॅरोल्ड मे यांच्याबरोबर, ती घरी बनवायला घेतली आणि पुढची दोनेक वर्षं त्यात गेली. मानेला जुन्या फायरप्लेसच्या चौकटीचं महोगनी, त्यात किड्याने पाडलेल्या भोकांत काड्यापेटीच्या काड्या ठोकलेल्या, ट्रेमोलोला, म्हणजे सूर हलवायच्या दांड्याला, पँथर मोटारसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, फ्रेटबोर्डावरच्या ठिपक्यांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. कथा खरी आहे आणि गोडही आहे. पण त्या लाकडामुळे आवाज तसा झाला म्हणणं म्हणजे चटणीचं सगळं श्रेय पाट्याला देऊन मिरचीला विसरणं.

त्या गिटारमध्ये कामाच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एक म्हणजे पिकअपची, म्हणजे तारांखालच्या, त्यांची थरथर विजेत बदलणाऱ्या चुंबक-गुंडाळ्यांची, जोडणी. स्ट्रॅटोकास्टर या प्रसिद्ध गिटारवर दोन पिकअप एकत्र लावले की ते समांतर जोडले जातात आणि आवाज पातळ, काचेसारखा होतो. मेने आपले तीन बर्न्स ट्राय-सॉनिक पिकअप एकामागे एक जोडले, टॉर्चमध्ये सेल घालतो तसे. त्यामुळे सिग्नल जोरकस होतो आणि आवाजाचा उठाव वरच्या किणकिणाटातून खाली, मिडमध्ये, म्हणजे मधल्या पट्टीत, सरकतो. म्हणूनच ती गिटार माणसाच्या गळ्यासारखी वाटते. प्रत्येक पिकअपला चालू-बंदचं एक बटण आणि फेज, म्हणजे सिग्नलच्या लाटेची दिशा, उलटा करायचं एक, अशी सहा बटणं. त्याची नेहमीची मांडणी ब्रिजचा आणि मधला पिकअप एकाच फेजमध्ये, एवढीच. उलटा फेज लावला की आवाजाचा गाभा निघून जातो आणि किंचाळी उरते. ती तो चवीपुरती वापरतो. नवखी मुलं नेमकी तिथूनच सुरू करतात आणि मग आवाज बारीक येतो म्हणून माझ्याकडे येतात.

दुसरी गोष्ट फीडबॅकची. ही गिटार आतून काही भागात पोकळ आहे, आणि ती तशी मुद्दाम ठेवलेली आहे. स्पीकरच्या हवेने तारा परत थरथराव्यात, सूर आपोआप लांबावा, अशी त्या मुलाची इच्छा होती. पण पिकअपच्या आतली गुंडाळी स्वतःच थरथरली तर सुराच्या जागी शिट्टी वाजते. म्हणून त्याने पिकअपमध्ये अराल्डाइट ओतलं. तोच आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला अराल्डाइट. चांगला फीडबॅक ठेवायचा आणि वाईट मारायचा, ही जाण त्या वयात होती, याचं मला फायरप्लेसपेक्षा जास्त कौतुक वाटतं.

आता अँप. आयरिश गिटारवादक रोरी गॅलघर तेव्हा 'टेस्ट' नावाच्या तिघांच्या बँडमध्ये वाजवायचा. लंडनच्या मार्की क्लबमध्ये त्याचा कार्यक्रम संपल्यावर मे आणि त्याचा एक मित्र आतच रेंगाळले आणि त्यांनी सरळ विचारलं, हा आवाज कसा काढतोस? गॅलघरने काही न लपवता सांगितलं: व्हॉक्सचा एसी-३० अँप आणि त्याच्या आधी रेंजमास्टर नावाची एक छोटी डबी. मेने वापरलेले दोन एसी-३० आणले, गिटार जोडली, आणि त्याला त्याचा आवाज सापडला. ही हकीकत त्याने अनेक मुलाखतींतून सांगितली आहे. पुढे पन्नास वर्षं त्याने मूळ रचना बदललेली नाही. डब्या बदलल्या, अँपची संख्या वाढली, तत्त्व तेच राहिलं.

एसी-३० हा नावाप्रमाणे ३० वॅटचा अँप. आजच्या पोराला हा आकडा हास्यास्पद वाटतो, कारण त्याच्या गाडीतला स्टिरिओसुद्धा त्याहून मोठा आकडा मिरवतो. पण पूर्ण उघडलेला एसी-३० ड्रमच्या शेजारी ठेवला तर ड्रमवाला मागे वळून बघतो. आत चार ईएल-८४ व्हॉल्व्ह असतात. हा मुळात रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयरसाठीचा व्हॉल्व्ह. आपल्याकडच्या जुन्या रेडिओतही सापडतो. या अँपमध्ये निगेटिव्ह फीडबॅक नाही. म्हणजे आउटपुटमधला थोडा भाग उलटा मागे पाठवून चुका पुसायची जी सोय बाकी बहुतेक अँपमध्ये असते, ती इथे नाही. फीडबॅकवाला अँप ठरावीक मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम फाटतो. हा मात्र हळूहळू बिघडत जातो. तार हलकी छेडली की स्वच्छ, जरा दाबली की कड येते, जोरात मारली की गुरगुरतो. शिवाय जोराचा फटका बसला की आतल्या पुरवठ्याचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि परत वर येतं. त्यामुळे सुराचं टोक दबतं आणि पोट फुगतं. भात्याच्या पेटीवर सूर धरून भाता थोडा सैल सोडला आणि पुन्हा भरला की जो श्वास जाणवतो, तसंच काहीसं.

मे या अँपचा नॉर्मल चॅनल वापरतो, ज्याला बेस-ट्रेबलची बटणंच नाहीत, आणि व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवलेला. आधीची ती डबी म्हणजे ट्रेबल बूस्टर. नावाने फसू नका, ती आवाज कर्कश करण्यासाठी नाही. ती वरचा भाग जोरात ढकलते आणि खालचा कमी. अँप आधीच काठोकाठ भरलेला. त्यात खर्जही तितकाच ढकलला तर सगळा चिखल होईल. बूस्टर म्हणजे गाळणी लावून ओतणं. तुमच्या मल्टी-इफेक्टमध्ये 'डिस्टॉर्शन' नावाचा जो भाग आहे, तो या साखळीत कुठेच नाही. खरा आवाज फाटतो तो शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हमध्ये आणि स्पीकरच्या कागदात.

तुमच्या साखळीत आणखी एक चूक असेल, माझी पैज. बूस्टरच्या आधी तुम्ही ट्यूनर किंवा दुसरं एखादं पेडल लावलंय का? लावलं असेल तर काढा. जुन्या पद्धतीचा बूस्टर पिकअपवर ओझं टाकतो, आणि त्या ओझ्यामुळेच वरची धार बोथट होऊन गोल होते. मध्ये बफर, म्हणजे त्या पेडलमधलं सिग्नल वेगळा करणारं सर्किट, आला की बूस्टरला पिकअप दिसतच नाही; मग उरतो तो निव्वळ चरचराट. गिटार, मग बूस्टर, मग बाकी दुनिया.

मागे एक कॉलेजचा मुलगा मल्टी-इफेक्ट घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये आला होता. यंत्रावर मेच्या नावाचा तयार प्रीसेट होता, आणि तो बिघडलाय असं त्याचं ठाम मत. मी त्याचं यंत्र बाजूला ठेवलं, त्याची गिटार बूस्टरमधून एका उघड्या एसी-३० ला जोडली आणि म्हटलं, आता अँपला हात लावायचा नाही, फक्त गिटारचं व्हॉल्यूमचं बटण फिरवायचं. चारवर स्वच्छ, घुंगरासारखं. सातवर कुरकुरीत. दहावर सूर सुटेचना, हाताखालीच घुमत राहिला. पोरगं हसायला लागलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका खाली आले, पण तो विषय वेगळा. सांगायचा मुद्दा, मेचे सगळे 'इफेक्ट' त्या एका बटणात आहेत. कार्यक्रमांच्या जुन्या चित्रफिती नीट बघा, ओळी-ओळीमधल्या फटीत त्याचा हात सतत त्या बटणाकडे जाऊन येतो. गाणं सुरू असताना तो एखाद्या तबलजीसारखा सतत सूर-जोर लावून घेत असतो.

नाण्याबद्दलही दोन शब्द, कारण तुम्ही पैसे खर्च केलेत. ते वाया गेलेले नाहीत. मे तारा छेडायला प्लास्टिकच्या पिकऐवजी सहा पेनीचं नाणं वापरतो. पिक वाकतो, नाणं वाकत नाही, त्यामुळे बोटांतला प्रत्येक बदल थेट तारेवर पोचतो. नाण्याची कड दातेरी असते. तारेला समांतर धरलं तर मऊ, जरा तिरकं केलं की सुराच्या सुरुवातीला खर्रकन एक घासणी येते, एखादं व्यंजन उच्चारल्यासारखी. मात्र इंग्लंडहून मागवायची गरज नव्हती. सत्तरच्या दशकातली आपली तांबे-निकेलची पावली, म्हणजे पंचवीस पैसे, जवळपास त्याच आकाराची आणि तशीच दातेरी. गंमत म्हणजे सहा पेनीचं नाणं ३० जून १९८० ला चलनातून गेलं आणि आपली पावली ३० जून २०११ ला. दोन्ही आता फक्त गिटारवाल्यांच्या कामाची.

आता मूळ मुद्दा. स्टुडिओत क्वीनचं काम म्हणजे गिटारींचा वाद्यवृंद. एकेक ओळ वेगळी रेकॉर्ड करायची, तिच्यावर तिची हार्मनी, तिच्यावर आणखी एक. यामागे कलेइतकंच विजेचंही कारण आहे. फाटलेल्या अँपमध्ये दोन सूर एकत्र पाठवले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीतून तिसरे-चौथे नको असलेले सूर जन्मतात. सा-प सारखी जोडी असेल तर चालून जातं, पण भरलेली कॉर्ड टाकली की गोंगाट होतो. म्हणून प्रत्येक सूर वेगळा फाडायचा आणि नंतर जोडायचा. रेकॉर्डवर ती जी सनई-चौघड्यासारखी झळाळी येते, ती तिथून येते. पण झळाळीची किंमतही असते. दहा गिटारी एका रेकॉर्डमध्ये बसवायच्या तर प्रत्येकीला अंग चोरून बसावं लागतं, सहाच्या बाकावर दहा माणसं बसतात तसं.

स्टेजवर गिटार एकच. आणि सोलो सुरू झाला की मागे ऱ्हिदम धरायला दुसरी गिटारही नाही. गायक फ्रेडी मर्क्युरी पियानोवर नसेल, तर उरले फक्त जॉन डीकनचा बेस आणि रॉजर टेलरचे ड्रम. बेस खाली, झांजा वर, आणि मधलं अख्खं मैदान मोकळं. नेमकं तेच मैदान मेच्या गिटारचं, ते एकामागे एक जोडलेल्या पिकअपचं मिड. त्या जागेत तिला कुणी अडवत नाही, म्हणून मिक्सरवर तिला हवं तेवढं मोठं ठेवता येतं. तुमच्या वडिलांना जो आवाज मोठा वाटतो, तो जाड झालेला नाही. त्याच्याभोवतीची गर्दी हटलीय. साउंडवाला म्हणून सांगतो, गिटार मोठी करायची माझी पहिली युक्ती म्हणजे की-बोर्डवाल्याचा डावा हात बंद करायला सांगणं.

अर्थात मोकळ्या जागेत नुसता आवाज टाकून भागत नाही, ती रिकामी वाटू नये म्हणून वाजवण्यातही बदल लागतो. मे पूर्ण सहा तारांच्या कॉर्ड क्वचित वाजवतो. दोन-तीन सूर, शक्यतो एखादी उघडी तार खाली घुमत ठेवलेली, आणि वरच्या तारांवर चाल. सोलोतही एखाद्या ओळीचा शेवट तो दोन तारांवर करतो, म्हणजे क्षणभर हार्मनीचा भास होतो. आणि डीकन! सोलोच्या वेळी त्याचा बेस ऐका. मूळ सूर धरून बसण्याऐवजी तो मधल्या सप्तकात चढतो, छोट्या छोट्या ताना घेतो, आणि मे परत रिफवर, म्हणजे गाण्यातल्या परत परत येणाऱ्या छोट्या गिटारच्या ओळीवर, आला की गुपचूप खाली उतरतो. या माणसाबद्दल कमी बोललं जातं. माझ्या मते क्वीनच्या स्टेजवरच्या गिटारचं निम्मं श्रेय त्याला आहे.

याच रिकाम्या जागेचा सगळ्यात धाडसी वापर 'ब्रायटन रॉक'च्या सोलोत आहे. 'लाइव्ह किलर्स'वर ते गाणं बारा मिनिटांच्या आसपास चालतं आणि त्यातला बराच वेळ स्टेजवर जवळजवळ एकटा माणूस असतो. त्याने एकोप्लेक्स नावाची टेपवर चालणारी इको यंत्रं घेतली आणि त्यांची पट्टी लांबवून प्रतिध्वनी उशिरा येईल असं केलं. एक ओळ वाजवायची, ती परत येताना तिच्यावर तिची हार्मनी वाजवायची, आणि दोन्ही परत येताना तिसरी. एकट्याने तीन गिटारी. आता वरचा बेरीज-वजाबाकीचा मुद्दा आठवा. हे तीनही आवाज एकाच फाटलेल्या अँपमधून गेले असते तर सगळा काला झाला असता. म्हणून मूळ आवाज एका अँपला, पहिला प्रतिध्वनी दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. तीन वेगळे अँप, तीन वेगळे कोपरे, आणि बेरीज हवेत. त्याच्यामागे एसी-३० ची जी भिंत दिसते, तिचा जन्म या गरजेतून झालाय. पेडलमध्ये तिन्ही प्रतिध्वनी एकाच तोंडातून बाहेर काढून ही जादू का होत नाही, याचं उत्तर यात आलं.

कोणती रेकॉर्डिंग ऐकावीत, हे विचारलं नाहीत, पण सांगतो. 'लाइव्ह किलर्स' १९७९ च्या पहिल्या तीन महिन्यांतल्या युरोप दौऱ्यातलं. मिक्स खरखरीत आहे, बँडलाही त्याचं फार प्रेम नव्हतं, पण गिटार पुढे आणि उघडी आहे, म्हणून तुमच्या वडिलांच्या पिढीने ती मनात धरली. 'बोहेमियन रॅप्सडी'त ऑपेराचा टेपवरचा भाग संपून चौघं परत स्टेजवर येतात आणि गिटारचा रिफ कोसळतो, तो क्षण कॅसेटवरसुद्धा अंगावर काटा आणायचा. लंडनच्या रेनबो थिएटरमधलं नोव्हेंबर १९७४ चं रेकॉर्डिंग २०१४ मध्ये बाहेर आलं. त्यात वेग आणि भूक आहे, सफाई कमी. अभ्यासाला मात्र मी एकच सुचवतो, माँट्रियल, नोव्हेंबर १९८१. चौघंच आहेत, पाचवा वादक नाही, रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, आणि प्रत्येकाचा हात वेगळा ऐकू येतो. १९८४ पासून दौऱ्यांवर की-बोर्डला स्पाइक एडनी आला. १९८६ चं वेंब्ली मोठं आहे, भव्य आहे, लोकांचं लाडकं आहे. पण मधलं मैदान तिथे भरायला लागलेलं मला ऐकू येतं. १९८५ च्या 'लाइव्ह एड' या मदतनिधी कार्यक्रमाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी गप्प बसतो.

पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये फारुख बुलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, शाळेच्या 'हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवायचा, म्हणून आपल्याला क्वीन थोडी घरची वाटते. पण फ्रेडी असताना ही बँड भारतात कधी वाजली नाही. आपल्या सगळ्या आठवणी कॅसेटमधल्या, आणि कॅसेटचा आवाज स्वतःच वरची धार थोडी मारतो, आणखी थोडा गोल करतो. तुमच्या वडिलांच्या आठवणीतल्या आवाजात टेपचाही हातभार आहे, तेवढा हिशेबात धरा. माझ्या म्हणण्यातलं स्मरणरंजन ते एवढंच.

आता घरचं. एसी-३० फ्लॅटमध्ये पूर्ण उघडू नका. कान जातील आणि सोसायटीची नोटीस येईल. एका ईएल-८४ वर चालणारा पाचेक वॅटचा छोटा व्हॉल्व्ह अँप बघा. तोही खोलीला पुरून उरतो. जमलं तर स्पीकरच्या आधी अटेन्यूएटर, म्हणजे अँपचा जोर शोषून आवाज कमी करणारी पेटी, लावा. अँपचा व्हॉल्यूम वर, समोर फक्त ट्रेबल बूस्टर, मल्टी-इफेक्ट कपाटात. ब्रिज आणि मधला पिकअप, एकाच फेजमध्ये. अँपसमोर तीन-चार फुटांवर, त्याच्याकडे तोंड करून उभे राहा म्हणजे स्पीकरची हवा तारांपर्यंत पोचेल. हेडफोनवर हे कधीच होणार नाही. गिटारचं बटण सहावर ठेवून अर्धा तास वाजवा आणि दहावर फक्त ओळीच्या शेवटी जा. महिनाभर इको लावू नका.

आणि एकट्याने वाजवून निकाल लावू नका. रेकॉर्डसोबत वाजवलंत तर तुम्ही अकरावी गिटार ठरता, बाकावर जागा मिळणार नाही. ओळखीतला एखादा बेसवाला आणि ड्रमवाला गाठा, की-बोर्डवाल्या मित्राला त्या दिवशी बोलावू नका. सोलो आला की बेसवाल्याला म्हणावं, वर चढ. मग मोबाइल खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात ठेवून रेकॉर्ड करा आणि ते वडिलांना ऐकवा. त्यांनी मान डोलावली नाही, तर बूस्टरची बॅटरी तपासा. दहातल्या चार वेळा तीच उतरलेली असते.